चाळीस मिनिटांचं फ्रेंच

माझ्या गाडीचं पुढचं डावं चाक अडतं. गाडी म्हणजे मोटार नव्हे. ग्रंथालयात पुस्तकं इकडून तिकडे न्यायला असते तशी दोन कप्प्यांची लोखंडी ढकलगाडी. वरच्या कप्प्यात मुलांच्या वह्या, खालच्यात कापडी बाहुल्या, प्लास्टिकची फळं, फासे आणि मार्कर पेनांचा डबा. हाच माझा वर्ग. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत फ्रेंचच्या शिक्षकाला स्वतःची खोली मिळत नाही. मुलं आपल्या जागी बसून राहतात आणि फ्रेंच त्यांच्याकडे चाकांवरून येतं. वर्गशिक्षिका कॉफीचा मग उचलून बाहेर जाते, मी आत शिरते, आणि चाळीस मिनिटांनी खडखडाट करत पुढच्या वर्गाकडे निघते.

टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टन शहरातल्या एका शाळेत चौथी ते सहावीला मी फ्रेंच शिकवते, त्याला आता चार वर्षं झाली. लिहायचंय ते मुख्यतः पहिल्या वर्षाबद्दल, कारण त्या वर्षी मी जवळजवळ सगळंच चुकीचं केलं.

फ्रेंचशी माझी गाठ पडली पुण्यात, अकरावीत, आणि तेही मार्कांसाठी. आमच्या वेळी सायन्सची अर्धी मुलं ‘फ्रेंच स्कोअरिंग असतं’ एवढ्या एका वाक्यावर ते घ्यायची. मला पुढे खरंच गोडी लागली. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आधी सर्टिफिकेट, मग डिप्लोमा केला, डेल्फ या फ्रेंच प्रावीण्य परीक्षेची बी-टू पातळी दिली, मधे बी.एड. उरकलं. क्रियापदांचे तक्ते झोपेतून उठवून विचारले असते तरी म्हणून दाखवले असते. बोलायची वेळ मात्र तोंडी परीक्षेपुरतीच यायची. पुण्यात फ्रेंच बोलणार तरी कुणाशी?

नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलो आणि कागदांचा फेरा सुरू झाला. इथल्या सरकारी शाळांत शिकवायचं तर ओंटारिओ कॉलेज ऑफ टीचर्सकडे, म्हणजे शिक्षकांना परवाना देणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी लागते. गुणपत्रिका विद्यापीठाने परस्पर त्यांच्याकडे पाठवायची, आपण हातात नेऊन दिलेली चालत नाही. त्या एका पाकिटामागे बाबा तिकडे पुण्यात उन्हातान्हाचे हिंडत होते. ते झाल्यावर फ्रेंच शिकवण्यासाठीचा वेगळा सव्वाशे तासांचा कोर्स, आणि त्यात प्रवेश मिळण्याआधी भाषेची चाचणी.

चाचणीत समोर क्वेबेकच्या, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातल्या, बाई होत्या. त्यांनी हसून पहिला प्रश्न विचारला आणि मला एक अक्षर कळलं नाही. दुसऱ्यांदा विचारला तेव्हा लक्षात आलं की अडचण शब्दांची नव्हती, ‘त’ची होती. पॅरिसवाले ‘त्यू’ म्हणतात तिथे क्वेबेकमध्ये ‘त्सू’ होतं, आणि ‘मार्दी’ म्हणजे मंगळवार, तो ‘मार्द्झी’ होतो. म्हणजे आपल्या ‘चमच्या’तला च आणि ‘जहाजा’तला ज! हे उच्चार माझ्या तोंडात जन्मापासून होते आणि फ्रेंच शिकताना मी ते मेहनतीने बाहेर काढून टाकले होते. चाचणी निभावली, पण बाहेर येऊन बाकावर बसल्या बसल्या मी ‘चमचा, चमचा’ पुटपुटत होते.

पुढचं दीड वर्ष बदली शिक्षिका म्हणून गेलं. पहाटे सव्वासहाला फोन वाजायचा आणि यंत्राचा आवाज शाळेचं नाव सांगायचा. मग वर्षभराची कायमसारखी जागा मिळाली, आणि तिच्याबरोबर ही गाडी.

चौथीचा पहिला तास मला लख्ख आठवतो. सत्तावीस मुलं. त्यांतल्या निम्म्यांहून जास्त घरी पंजाबी बोलणारी, काही गुजराती, काही उर्दू, दोन तमीळ, एक मुलगी जमैकन आईबापांची. या विषयाचं सरकारी नाव ‘द्वितीय भाषा म्हणून फ्रेंच’ असं आहे. ते वाचलं की मला दर वेळी हसू येतं, कारण माझ्या वर्गात ती दुसरी भाषा क्वचितच कुणाची असते. बहुतेकांची तिसरी, एकदोघांची चौथी. 1969 च्या अधिकृत भाषा कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच या देशाच्या दोन अधिकृत भाषा ठरल्या, आणि ओंटारिओच्या इंग्रजी शाळांत चौथी ते आठवी फ्रेंच सक्तीचं असतं. आठवी संपेपर्यंत किमान 600 तास. ब्रॅम्प्टनच्या मुलाला मात्र दुकानात, बसमध्ये, गुरुद्वाऱ्यात कुठेही फ्रेंच ऐकू येत नाही. सिरीयलच्या खोक्याच्या मागच्या बाजूला ते छापलेलं असतं, तेवढंच.

मी फळ्यावर ‘एत्र’ या क्रियापदाचा तक्ता काढला. असणे. मी आहे, तू आहेस, तो आहे. मुलांनी तो सुरात म्हटला, अगदी पाढ्यांसारखा. मला वाटलं, जमलं की! पुढच्या आठवड्यात ‘आव्वार’, त्याच्या पुढच्या आठवड्यात ‘एर’ने संपणारी क्रियापदं. नोव्हेंबरच्या प्रगतिपत्रकाआधी मी एकेकाला जवळ बोलावून विचारलं, तुझं वय किती, तुला भाऊ आहे का? सगळे माझ्याकडे बघत राहिले. तक्ता म्हणायला सांगितला की म्हणायचे. एकाने तर ‘मी आहे’ला थांबायचंच नाही असं ठरवून सहाच्या सहा रूपं म्हटली आणि विजयी मुद्रेने जागेवर जाऊन बसला.

एकच वाक्य सत्तावीसच्या सत्तावीस जणांना अचूक येत होतं. ‘मी संडासला जाऊ का?’ त्याला कारण होतं. ते इंग्रजीत विचारलं तर मी ऐकू न आल्यासारखं करायचे. हा इथल्या बहुतेक फ्रेंच शिक्षकांचा जुना नियम, मीही डोळे झाकून उचललेला. त्या वाक्यात प्रश्नार्थक रचना आहे, ‘शकणे’ हे अनियमित क्रियापद आहे, त्याच्यामागे मूळ रूपात येणारं दुसरं क्रियापद आहे. तक्त्यांच्या वाटेने गेले असते तर तिथे पोचायला मला दोन वर्षं लागली असती. मुलं सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोचली होती. हे माझ्या नाकासमोर होतं आणि मला दिसत नव्हतं.

दिसलं ते जानेवारीत. फ्रेंच शिक्षकांना मदत करणाऱ्या एक अनुभवी बाई तासाला येऊन मागे बसल्या. तास झाल्यावर त्यांनी कागद दाखवला. मी दर वेळी इंग्रजीत घसरले की त्यांनी एक रेघ मारली होती. चाळीस मिनिटांत एक्केचाळीस रेघा. काही रेघांवर गोल होते. मी विचारलं, हे गोल कसले? त्या म्हणाल्या, “तेव्हा तू चिडली होतीस.”

मी मोजले. तेवीस गोल.

म्हणजे रंग, फळं, वार, हवामान फ्रेंचमध्ये, आणि ‘खाली बस’, ‘त्याला का ढकललंस’, ‘पुन्हा असं झालं तर घरी फोन करेन’ हे सगळं इंग्रजीत. मुलं काही खुळी नसतात. बाई मनापासून बोलल्या की इंग्रजी बोलतात, बाकी वेळ तो फ्रेंचचा खेळ चालतो, हे त्यांनी कधीच ओळखलं होतं. मला एकदम माझंच घर आठवलं. माझा मुलगा दिवसभर माझ्याशी इंग्रजी बोलतो, पण मी ‘इकडे ये बघू’ म्हटलं की त्या तीन शब्दांना तो बरोबर घाबरतो. त्याच्यासाठी मराठी खरी आहे, कारण त्याच्यावरचं सगळं संकट त्या भाषेतून येतं.

मग मी फ्रेंचमध्ये रागवायला शिकले. शिकले हा शब्द अगदी शब्दशः घ्या. डिप्लोमापर्यंत मला कुणी रागवायला शिकवलं नव्हतं. ‘पुरे झालं’, ‘हळू’, ‘काय चाललंय इथे?’, ‘मी वाट बघतेय’. आरशासमोर उभं राहून आवाज खाली ठेवून म्हणून बघितलं. सुरुवातीला मुलं हसली. तिसऱ्या दिवशी हसली नाहीत.

दुसरा बदल जास्त कामाचा ठरला. चौथीतली मुलं दिवसभरात सगळ्यात जास्त काय करतात? चहाड्या. ह्याने माझी पेन्सिल घेतली, ती माझ्याकडे बघून तोंड करते, तो ढकलतो. मी पाच तक्रारींची पाच वाक्यं मोठ्या अक्षरांत छापून गाडीच्या बाजूला चिकटवली आणि जाहीर केलं, आजपासून तक्रार फक्त फ्रेंचमध्ये घेतली जाईल. पहिल्याच दिवशी निळा पटका बांधणारा एक मुलगा तरातरा आला, गाडीजवळ वाकला, वाक्य शोधलं, बोट ठेवून वाचलं, आणि मग शेजाऱ्याकडे हात करून ओरडला, “मादाम, इल पूस म्वा!” तो ढकल मी. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य तुटकं होतं, ‘मला’ची जागा चुकली होती. पण त्या मुलाच्या तोंडून मी पहिल्यांदाच असं फ्रेंच ऐकलं ज्याच्यामागे काहीतरी खरं घडलेलं होतं. मी चूक सुधारली नाही. शेजाऱ्याला बोलावून चौकशी केली, तीही फ्रेंचमध्ये, हातवारे करून. आरोपीनेही बचाव फ्रेंचमध्ये केला: “नों! लुई!” नाही, हाच!

पुढच्या दोन आठवड्यांत इतक्या तक्रारी आल्या की मला माझाच निर्णय महागात पडला असं वाटू लागलं. खोट्या तक्रारीही यायच्या, निव्वळ वाक्य म्हणायला मिळावं म्हणून. पाचाची वीस वाक्यं झाली, कारण मुलांना नव्या अन्यायांसाठी नवे शब्द हवे होते. ‘तो फसवतो’ला काय म्हणायचं? ‘माझा नंबर होता’ला काय? हे प्रश्न ‘एत्र’च्या तक्त्याबद्दल कुणी कधी विचारले नव्हते.

फेब्रुवारीत, बाहेर उणे वीस असताना आणि मधली सुट्टी वर्गातच चाललेली असताना, एका मुलाच्या नाकातून रक्त आलं. इथल्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने ते नेहमीचंच. त्याची मैत्रीण धावत माझ्याकडे आली. रक्ताचा शब्द मी शिकवलेला नव्हता. ती क्षणभर अडली, आणि मग तिच्याजवळ जे होतं त्यातून तिने जुळवलं: “मादाम! ल ने! रूज! बोकू!” नाक, लाल, खूप. मी टिश्यूचा खोका घेऊन गेले, त्याला मान पुढे झुकवायला फ्रेंचमध्येच सांगितलं, आणि त्याने झुकवली. मला तेव्हा काही वाटलं नाही, मी रक्त पुसत होते. घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं की त्या पाच मिनिटांत आम्हा तिघांपैकी कुणीही इंग्रजी बोललं नव्हतं.

सगळंच असं गोड झालं असं मात्र नाही. पाचवीचा एक वर्ग माझ्या हाती वर्षभर लागला नाही. शुक्रवारचा शेवटचा तास, तीस मुलं, आणि दुसरं कुठलंही काम निघालं की आधी फ्रेंचवर गदा. सभा आहे, फ्रेंच रद्द. फोटो काढायचेत, फ्रेंच रद्द. कागदावरचे 600 तास प्रत्यक्षात किती भरतात, ते गाडी ढकलणाऱ्यालाच माहीत.

उच्चारांचं प्रकरण वेगळं. फ्रेंचमध्ये एक स्वर आहे जो आपल्याकडेही नाही आणि इंग्रजीतही नाही. ‘ई’ म्हणायचं, जीभ तशीच ठेवायची, आणि ओठांचा चंबू करायचा, शिट्टी मारताना करतो तसा. आम्ही रानडेत शिकताना पुस्तकात ओळीवर देवनागरी लिहायचो आणि सर रबर घेऊन यायचे, “खोडा ते, तुमच्या ऊमध्ये दोन स्वर बुडतायत.” खरंच बुडतात. टेबलाच्या ‘वर’ आणि टेबलाच्या ‘खाली’ यांचे फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिले तर दोन्ही ‘दसू’च. फरक फक्त त्या चंबूचा. मी त्याचा खेळ केला. एक जण डोळे मिटतो, दुसरा खडू टेबलावर किंवा टेबलाखाली ठेवतो, आणि वर्ग ओरडून सांगतो, दसू! चुकीचा ‘ऊ’ आला तर शोधणारा चुकीच्या जागी हात घालतो. एकदा मी स्वतःच घाईत गडबडले आणि तमीळ घरातली एक मुलगी शांतपणे म्हणाली, “मादाम, नों.” तिचा कान माझ्यापेक्षा तयार झाला होता. असा खेळ आम्ही मार्चभर खेळलो, आणि त्याचा परिणाम असा की मुलांना त्या चंबूचं वेडच लागलं. जिथे नको तिथेही चंबू.

जिथे मला पाय रोवायला जागा मिळाली ती म्हणजे लिंग. इंग्रजीत वाढलेल्या सहकाऱ्यांना हे प्रकरण समजावताना घाम फुटतो: टेबल बाई का, पुस्तक पुरुष का. माझ्या वर्गात मी विचारलं, घरी खुर्चीला काय म्हणता? कुर्सी, खुरशी. ती की तो? सगळे एका आवाजात, “ती!” फ्रेंचमध्येही ती, ‘ला शेज’. निम्मं काम तिथेच झालं. मग चंद्र आला. फ्रेंचमध्ये चंद्र बाई आहे, ‘ला लून’. वर्गात बंड. चांद तो असतो! एक मुलगा इतका दुखावला की त्याने वहीत चंद्राला मिशा काढल्या. तमीळ मुलगी म्हणाली, आमच्याकडे वस्तूला तो-ती काहीच नसतं, आणि सगळ्यांनी तिच्याकडे हेव्याने बघितलं.

आकड्यांतही असंच. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे ‘चार वीस’. पुस्तकं हे काहीतरी अजब असल्यासारखं मांडतात. माझी आजी गोवऱ्या कोडीने मोजायची, कोडी म्हणजे वीस, आणि चार कोड्या म्हणजे ऐंशी. हे मी सांगितलं तर पटकेवाला मुलगा म्हणाला, त्याची दादीही ‘चार वीहां’ म्हणते. त्याने ते घरी जाऊन पुन्हा विचारून खात्री केली. आणि एकोणऐंशी म्हणताना आपण एक वजा करतो, हे मुलांना सांगितल्यावर फ्रेंचचं ‘साठ-एकोणीस’ त्यांना अगदी साधं वाटलं.

गणपतीत भेटणारे मराठी आईबाप मला हमखास विचारतात, मुलाला इमर्शनला घालू का? इमर्शन म्हणजे निम्मे किंवा जास्त विषय फ्रेंचमधून. त्याची सुरुवात 1965 मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सें-लांबेर गावात झाली, इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या हट्टाने. मी खरं ते सांगते, फ्रेंच त्यात कितीतरी चांगलं येतं. माझ्या चाळीस मिनिटांशी त्याची तुलनाच नाही. फक्त एक विसरू नका, त्या मुलांची घरची भाषा इंग्रजी होती; गावभर, टीव्हीवर, दुकानात ती आपोआप सांभाळली जात होती. आपल्या घरच्या भाषेला असा कुणी सांभाळणारा नाही. फ्रेंचला घाला, पण रागवा मराठीत.

तर, चाक. सप्टेंबरपासून ते अडत होतं. एप्रिलमध्ये एके दिवशी चौथीच्या दारातच ते निखळून पडलं, आणि गाडी फळांसकट कलंडली. आमच्या शाळेचे केअरटेकर उत्तर ओंटारिओतल्या फ्रेंच घरातले. हे मला तोवर माहीत होतं, मुलांना नव्हतं. मी पटकेवाल्याला आणि नाकवाल्या मुलीला त्यांना बोलवायला पाठवलं, आणि म्हटलं, त्यांना फ्रेंचमध्ये सांगा, चाक मोडलंय. चाकाचा शब्द त्यांना दोनदा म्हणून दाखवला. ‘ला रू ए कासे.’ चाकातला ऊ हा साधा ऊ, चंबू नको. मी दारातून ऐकत होते. दोघं कॉरिडॉरभर ते घोकत गेली, आणि प्रत्येक घोकण्यागणिक तो ऊ आणखी आणखी टोकदार होत गेला. केअरटेकरसमोर पोचेपर्यंत त्याचा पुरता चंबू झाला होता. चंबूवाली ‘रू’ म्हणजे रस्ता.

“मस्यू,” पटकेवाला दम घेत म्हणाला, “रस्ता मोडलाय!”

केअरटेकरनी फरशी पुसायचा दांडा भिंतीला टेकवला. बर्फ वितळला की ब्रॅम्प्टनच्या रस्त्यांची जी चाळण होते, ती त्या आठवड्यात ऐन भरात होती. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मान हलवली, आणि अगदी गंभीरपणे त्याच भाषेत म्हणाले, “मला माहीत आहे रे. सगळेच मोडलेत. पण ते काम नगरपालिकेचं.”

दोघं परत आली. मुलगी म्हणाली, मादाम, त्यांना सगळं कळलं, पण ते येणार नाहीत म्हणतात.